बत्तीस सेकंदांच्या आधी

2024 च्या थँक्सगिव्हिंगच्या दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये चौदा माणसं होती, आणि शेवटचं अर्धं मिनिट त्यातली तेरा माणसं एकच शब्द ओरडत होती: ‘टाइमआउट!’ डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर आमचे शिकागो बेअर्स तीन गुणांनी मागे, घड्याळात 32 सेकंद आणि हातात एक टाइमआउट शिल्लक. तो घेतलाच गेला नाही. सेकंद गळत राहिले. जेमतेम सहा उरले असताना चेंडू निघाला, केलेब विल्यम्सने तो रोम ओडुन्झेच्या दिशेने लांब फेकला, तो जमिनीवर पडला आणि सामना संपला. 23-20. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी 29 नोव्हेंबरला, मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांना काढून टाकलं. 1920 मध्ये सुरू झालेल्या या संघाने हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर गावभर त्या बत्तीस सेकंदांचा पंचनामा चालला. मेट्राच्या डब्यात तोच विषय, ऑफिसात तोच, रविवारी लेमाँटच्या देवळात चपला काढताना तोच. टाइमआउट का घेतला नाही, कोणी घ्यायला हवा होता, विल्यम्सला स्वतःला कळायला नको का. राग खरा होता आणि रास्तही होता. बारा सामन्यांत आठ हरलेल्या संघाच्या चाहत्यांना राग काढायला एक माणूस मिळाला, तोही गेला.

मला मात्र त्या बत्तीस सेकंदांविषयी बोलायचं नाही. त्यांच्या आधीच्या चार सेकंदांविषयी बोलायचं आहे. मध्यंतराला 16-0 अशा पिछाडीवर असलेला हा संघ उत्तरार्धात 20 गुण करून उभा राहिला होता. बरोबरी साधणाऱ्या किकचा टप्पा हाताशी आला होता. आधी एका पेनल्टीने चेंडू मागे गेला, आणि मग डेट्रॉइट लायन्सचा झडेरियस स्मिथ आत घुसला आणि त्याने चेंडू हातात असलेल्या विल्यम्सला आडवा केला. घड्याळ पळायला लागलं ते त्या पडण्यामुळे. प्रशिक्षक गोंधळले ते त्यानंतर. त्या दुपारी विल्यम्स पाच वेळा पाडला गेला, आणि हंगामातला आकडा 49 वर गेला. अजून पाच सामने बाकी होते.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच जण ओळीने वाकून उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन तीनशे पौंडांच्या पुढे, म्हणजे 136 किलोंहून जास्त. पाठीवर 50 ते 79 मधला आकडा. नेहमीच्या खेळीत पुढे धावून पास झेलायची त्यांना मुभा नाही. क्वार्टरबॅकने समोर बघावं, कोण मोकळा आहे ते हेरावं आणि चेंडू सोडावा, एवढ्यापुरता अडीच-तीन सेकंदांचा आडोसा धरणं, हे त्यांचं काम. त्या आडोशाला पॉकेट म्हणतात. तो फुटला आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक खाली गेला की ती सॅक.

या पाच जणांची धावसंख्या नसते, झेल नसतात. प्रक्षेपणात त्यांचा आकडा बहुधा एकाच वेळी ऐकू येतो, पंच माइकवर ‘होल्डिंग’, म्हणजे समोरच्याला धरल्याचा दोष, जाहीर करतो तेव्हा. पन्नास खेळींत एकोणपन्नास वेळा समोरच्याला थोपवलं तर कोणी नाव घेत नाही, आणि पन्नासाव्या वेळी पाय घसरला की तो क्षण रात्रभर टीव्हीवर फिरत राहतो. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवणाआधी प्रत्येकाने कोणाचे तरी आभार मानायची आमच्या घरी रीत पडली आहे, आणि त्या दिवशी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने आभार मानले ते शाळेच्या संघातल्या आपल्या सेंटरचे. तो स्वतः लेफ्ट गार्ड खेळतो. बेसमेंटमध्ये ‘टाइमआउट’ न ओरडणारा चौदावा माणूस तोच होता.

शिकागोत या पाच जागांवरून जो वाद पेटला तो नवा नाही, आणि तो नवा नाही हेच मला सर्वांत जास्त खुपतं. तीन तारखा बघा. 3 ऑक्टोबर 2010, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध जे कटलर पूर्वार्धातच नऊ वेळा पाडला गेला आणि डोक्याला मार बसून बाहेर पडला. 26 सप्टेंबर 2021, क्लीव्हलँडमध्ये जस्टिन फील्ड्सची कारकिर्दीतली पहिली सुरुवात, नऊ सॅक. फेकीतून मिळालेल्या यार्डांतून सॅकमध्ये गमावलेले वजा केले तर अख्ख्या सामन्यात संघाच्या पदरात निव्वळ एक यार्ड. 10 नोव्हेंबर 2024, आमच्या सोल्जर फील्डवर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, केलेब विल्यम्स, नऊ सॅक, 19-3. चौदा वर्षांत तीन क्वार्टरबॅक, तीन वेगळे मुख्य प्रशिक्षक, तीन वेगळे जनरल मॅनेजर, आणि आकडा तोच. व्यक्ती बदलून भागत असतं तर एव्हाना भागलं असतं.

आणि हे कोणत्या गावात घडलं? 1984 च्या हंगामात बेअर्सच्या बचावफळीने समोरच्यांचे क्वार्टरबॅक 72 वेळा पाडले, तो सांघिक विक्रम आजही कायम आहे. सॅक म्हणजे काय हे या गावाला कोणी शिकवायला नको. त्याच काळात आक्रमणाच्या बाजूला जी ओळ उभी होती तिची नावं इथले जुने लोक अजून एका दमात म्हणतात: कोव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गेनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न. जिम कोव्हर्ट ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. पण जे हिल्गेनबर्गला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, आणि मार्क बोर्ट्झ कॉलेजात बचावात खेळायचा, त्याला इथे आणून ओळीच्या या बाजूला उभं केलं. टॉम थेअर तर इथल्याच जोलिएटचा. आजही रेडिओवर बेअर्सच्या सामन्यांचं समालोचन करतो. पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं. 1985 पासून ती एकमेकांच्या शेजारी उभी राहिली ती वर्षानुवर्षं. चेंडू घेऊन धावणाऱ्या वॉल्टर पेटनचं नाव सगळ्या जगाने ऐकलं, आणि 1983 ते 1986 अशी सलग चार वर्षं धावण्यात बेअर्स लीगमध्ये पहिले होते. ती जागा पेटनला कोणी करून दिली हे ज्याला माहीत आहे तो त्या पाच जणांना विसरत नाही.

आता 2024 ची ओळ. हंगाम सुरू झाला तेव्हा डावीकडून ब्रॅक्स्टन जोन्स, टेव्हन जेंकिन्स, कोलमन शेल्टन, नेट डेव्हिस आणि डार्नेल राइट. थोड्याच आठवड्यांत डेव्हिसची जागा गेली आणि मॅट प्रायर आला. नोव्हेंबरात डेव्हिसला संघातूनच मोकळं केलं. पेट्रियट्सविरुद्ध नऊ सॅक झाल्या त्या दिवशी दोन्ही टोकांचे नेहमीचे टॅकल, जोन्स आणि राइट, दुखापतीमुळे बाहेर होते. लॅरी बोरम डाव्या टोकाला गेला, आणि गार्ड म्हणून रुळत असलेला प्रायर उजव्या टोकाला. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं. त्या सामन्यानंतर दोन दिवसांत आक्रमणाचे समन्वयक शेन वॉल्ड्रन गेले. त्यांच्या जागी थॉमस ब्राउन आले, आणि एबरफ्लूस गेल्यावर तेच हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले. महिन्याभरात एकाच माणसाची ही दुसरी बढती.

चाहत्यांचा वाद या यादीभोवती फिरत होता. राइटला उजवीकडून डावीकडे हलवा, म्हणे डावं टोक क्वार्टरबॅकच्या पाठीमागचं, तिथे सर्वांत चांगला माणूस हवा. येलमधून तिसऱ्या फेरीत घेतलेल्या नवख्या किरन अमेगाजीला आत्ताच उतरवा, शिकेल. शेल्टनला काढा. जेंकिन्सला परत टॅकल करा. प्रत्येक सूचनेमागे प्रेम होतं, आणि प्रत्येक सूचनेत तीच चूक होती. ही सगळी मंडळी पाच जागांसाठी पाच माणसं शोधत होती.

जेंकिन्सचंच बघा. 2021 मध्ये दुसऱ्या फेरीत त्याला घेतलं ते लेफ्ट टॅकल म्हणून. 2022 मध्ये तो राइट गार्ड झाला. 2023 आणि 2024 मध्ये लेफ्ट गार्ड. चार हंगामांत तीन जागा, आणि अधूनमधून दुखापती. आपल्याकडे शेतकरी बैल घेताना तो जुवाच्या कोणत्या अंगाला चालतो ते आधी विचारतो. उजव्या अंगाला चालणारा बैल डावीकडे जुंपला तर ताकद तीच असूनही तास वाकडं जातं. ओळीतल्या माणसाचं तसंच आहे. उजवीकडून डावीकडे गेलं की मागचा पाय बदलतो, समोरच्याच्या छातीवर आधी पडणारा हात बदलतो, कोणत्या खांद्यावरून शेजाऱ्याकडे बघायचं ते बदलतं. हे सगळं त्याला मागे सरकता सरकता, समोरून तितकाच धिप्पाड माणूस अंगावर येत असताना करायचं असतं. विचार करायला वेळ नसतो. जे अंगात मुरलेलं असतं तेच तिथे उपयोगी पडतं.

मी मिरजेला असताना एका मंडळाकडून कबड्डी खेळायचो. डाव्या कोपऱ्याला. माझा उजवा हात कायम शेजारच्याच्या डाव्या हातात. साखळी. चढाईपटू आत आला की आम्ही दोघं श्वासाने हलायचो. मी घोट्यावर झेपावणार हे त्याला माझ्या पंजाच्या दाबावरून कळायचं, आणि मी खाली जायच्या आत तो अंगावर पडलेला असायचा. एका जिल्हा सामन्याला तो आजारी पडला. त्याच्या जागी जो मुलगा दिला तो आमच्या सगळ्यांपेक्षा ताकदवान होता, पुढे मोठ्या संघातून खेळला. त्या दिवशी आमच्या चार पकडी सुटल्या. तो प्रत्येक वेळी अर्धा ठोका आधी निघायचा. मी अजून हात सोडलेला नसायचा, साखळी ताणली जायची, आणि त्या ताणातून चढाईपटू मध्यरेषेकडे निसटायचा. त्याचं काही चुकत नव्हतं, माझंही नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या सवयीचे नव्हतो, एवढंच.

आजचे बचाव नेमके त्या सवयीच्या अभावावर डल्ला मारतात. समोरचे दोन जण सुरुवातीला सरळ येतात आणि मग एकमेकांच्या मागून कातरीसारखे जागा बदलतात. याला इथे स्टंट किंवा ट्विस्ट म्हणतात. त्या क्षणी गार्डने आपल्या अंगावरचा माणूस टॅकलकडे सोपवायचा आणि टॅकलकडचा आपण घ्यायचा. सोपवताना अर्धं पाऊल जरी दोघांच्या पातळीत फरक पडला तरी मधली फट उघडते आणि त्यातून माणूस थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर. कधी सहा जण पुढे येणार असं दाखवतात, येतात चारच, पण ज्या बाजूला कोणाचा अंदाज नव्हता तिथून. सेंटरने चेंडू देण्याआधी समोरचं बघून सगळ्यांना सांगायचं असतं की आपली राखण कोणत्या बाजूला सरकणार. मैदानात सत्तर हजार लोक आरडाओरडा करत असतात. मग बोलणं जातं आणि उरते ती ओळख. डावीकडचा कसा श्वास घेतो, उजवीकडचा कोणत्या खेळीला आधी उठतो, ही ओळख.

पेट्रियट्सविरुद्ध उभी केलेली ओळ ही पाच अनोळखी माणसांची होती. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

डेट्रॉइटकडे बघा म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. 1934 मध्ये लायन्स पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगला घरच्या मैदानावर खेळले तेव्हा समोर बेअर्सच होते, आणि 19-16 ने बेअर्स जिंकले होते. नव्वद वर्षांनी त्याच सणाला त्याच दोन संघांची गाठ पडली, पण मधल्या काळात लायन्सने जे भोगलं ते आमच्यापेक्षा कमी नाही. 2008 मध्ये सोळापैकी सोळा सामने हरले. 2021 मध्ये, डॅन कॅम्पबेल यांच्या पहिल्या हंगामात, तीनच जिंकले. 2024 च्या थँक्सगिव्हिंगनंतर ते बारापैकी अकरा जिंकून बसले होते. त्यांच्या ओळीत टेलर डेकर 2016 च्या पहिल्या फेरीतला, फ्रँक रॅग्नो 2018 च्या पहिल्या फेरीतला, पेनी सूल 2021 च्या पहिल्या फेरीतला. ज्यांनी डेकर आणि रॅग्नो यांना आणलं ते अधिकारी केव्हाच गेले. नव्यांनी येऊन आधीच्यांचं सगळं मोडीत काढलं नाही. डेकर आणि रॅग्नो होते तिथेच ठेवले आणि त्यांच्या ओळीत सूल आणला. 2021 पासून जॅरेड गॉफसारखा फारसा न पळणारा क्वार्टरबॅक त्यांच्यामागे निवांत उभा राहून चेंडू टाकत होता. पराभवाच्या वर्षांतसुद्धा त्यांनी ओळ राखली, आणि मला वाटतं डेट्रॉइटच्या त्या यशाचं मूळ तिथे आहे.

शिकागोने 2024 मध्ये उलट केलं. एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर विल्यम्स, नवव्या क्रमांकावर पास झेलणारा ओडुन्झे. त्याआधी कीनन ॲलन आणला, डी’आंद्रे स्विफ्ट आणला, जेराल्ड एव्हरेट आणला. डीजे मूर आदल्या वर्षीच आला होता. ड्राफ्टमधल्या पाच निवडींत ओळीसाठी निवड एकच. झेलणारे हात सगळीकडे, पण चेंडू सुटेपर्यंत फेकणारा उभा राहील कसा याची तजवीज नाही. जनरल मॅनेजर रायन पोल्स स्वतः बॉस्टन कॉलेजमध्ये याच ओळीत खेळलेले. त्यांनी राइटला 2023 मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलं, ती निवड चांगली होती, हे मी मानतो. म्हणूनच अधिक वाईट वाटतं. ज्या माणसाच्या स्वतःच्या बोटांनी ही माती चिवडली आहे त्याच्या हातून तरी मधल्या तीन जागा अशा तात्पुरत्या राहायला नको होत्या.

एक बाजू राहिली, आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. विल्यम्स त्या हंगामात चेंडू फार वेळ धरून ठेवायचा. कॉलेजात, यूएससीत असताना तो पळून पळून अशक्य खेळी जमवायचा, त्यातच त्याचं मोठेपण होतं. तीच सवय इथे अंगाशी आली. सगळ्या सॅक ओळीच्या माथी मारणं अन्याय आहे. ब्राउन यांनी सूत्रं घेतल्यावर चेंडू लवकर सुटायला लागला आणि पॅकर्स व व्हायकिंग्ज या दोन्ही सामन्यांत तीन-तीनच सॅक झाल्या. दोन्ही सामने हरलो, पण अगदी थोडक्यात. तेव्हा पोराला शिकवणं हा औषधाचा अर्धा भाग आहेच.

पण वारंवार पडणाऱ्या क्वार्टरबॅकचं काय होतं तेही या खेळाने दाखवून ठेवलं आहे. 2002 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याची राखण करायला टोनी बोसेली हा उत्तम टॅकल आणला होता; खांद्याच्या दुखापतींमुळे तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळू शकला नाही. कार त्या हंगामात 76 वेळा पडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. 2005 मध्ये पुन्हा 68. त्याला लवकर फेकायला शिकवणारे कमी नव्हते. पण सतत मार खाणाऱ्याचे डोळे दूरच्या साथीदारावरून खाली उतरतात आणि अंगावर येणाऱ्यांकडे लागतात. एकदा ते खाली आले की वर नेणं फार अवघड. कार ज्या अपेक्षेने आला होता तिच्या जवळपासही पुन्हा गेला नाही.

इंडियानापोलिसच्या अँड्र्यू लकची गोष्ट तर आमच्या गावच्या डोळ्यांदेखत संपली. वर्षानुवर्षं मार खाल्ला, खांदा गेला, 2017 चा अख्खा हंगाम बाहेर काढला. मग संघाने 2018 मध्ये क्वेंटन नेल्सनसारखा गार्ड पहिल्या फेरीत घेतला आणि लक त्या हंगामात फक्त 18 वेळा पडला. ओळ शेवटी जमली. पण त्याच्या शरीरातली उमेद तोवर सरली होती. 24 ऑगस्ट 2019 ला, तिशीला आठवडे उरले असताना, तो निवृत्त होतोय ही बातमी एक सराव सामना चालू असतानाच फुटली आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या रात्री समोर खेळत होता पाहुणा संघ शिकागो बेअर्स.

विल्यम्स 18 नोव्हेंबर 2024 ला तेवीस वर्षांचा झाला. बारा सामन्यांत 49. थँक्सगिव्हिंगला पाचव्यांदा पडल्यावर तो ज्या तऱ्हेने उठला, आधी एक गुडघा, मग थोडं थांबून दुसरा, ते मी पाहिलं. माझ्या मुलापेक्षा तो सातच वर्षांनी मोठा आहे.

तेव्हा करायचं काय? माझं तेव्हाचं म्हणणं सरळ होतं. उरलेल्या पाच सामन्यांत जे पाच जण उभे राहू शकतात त्यांना एकाच जागी, एकाच शेजाऱ्याशेजारी उभं करा, आणि दुखापतीखेरीज कोणालाही हलवू नका. हरलात तरी हलवू नका. राइट उजवीकडे रुळला आहे, त्याला तिथेच राहू द्या. पुढची दहा वर्षं त्या टोकाची चिंता मिटेल. अमेगाजीला रविवारच्या आगीत ढकलण्याआधी सरावात त्याच जागेवर, त्याच गार्डशेजारी पुरेसा वेळ द्या. प्रत्येक प्रशिक्षक-बदलाबरोबर राखणीचे इशारे, नावं, हाका बदलतात; ब्राउन यांनी निदान एवढं करावं की वर्षअखेरपर्यंत ती भाषा बदलणार नाही.

आणि मार्च उजाडला, खेळाडू बाजारात आले, की पैसा मधोमध घाला. मी डाव्या टोकाला कमी लेखत नाही. 1985 मध्ये लॉरेन्स टेलरने क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय मोडला तेव्हापासून साऱ्या देशाचं लक्ष त्या टोकावर खिळलं आहे. पण विल्यम्ससारखा चपळ मुलगा कडेने येणाऱ्याला चुकवू शकतो. समोरून, सेंटर आणि गार्डच्या मधून आलेल्याला चुकवायला पाऊल पुढे टाकायची जागाच राहत नाही. सेंटर आणि दोन गार्ड, हे तिघं एकाच उन्हाळ्यात आणा, एकाच वेळी जुळवा, आणि मग निदान तीन वर्षं त्यांना हात लावू नका. नव्या मुख्य प्रशिक्षकाची निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: ओळ कोण घडवणार, आणि ती घडेपर्यंत तुम्ही थांबणार का? चाहत्यांनी, म्हणजे आम्हीही, त्या थांबण्याला साथ दिली पाहिजे. दोन पराभव झाले की ‘याला काढा, त्याला आणा’ म्हणत सुटणारे आम्हीच आहोत, आणि मालकांच्या कानावर सगळ्यात आधी जातो तो आमचा आवाज.

पुढच्या रविवारी, 8 डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी गाठ होती, त्यांच्या मैदानावर. मुलाने मला सांगून ठेवलं होतं की चेंडू निघाल्यावर पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघायचंच नाही, सेंटरच्या डाव्या पायाकडे बघायचं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साडेचारला बाहेर अंधार पडला होता. गॅरेजवरचा दिवा लागलेला दिसला म्हणून खिडकीशी गेलो. मुलगा आणि पलीकडच्या गल्लीतला त्याचा मित्र, त्यांच्या शाळेचा लेफ्ट टॅकल, दोघं ड्राइव्हवेवर शेजारी शेजारी वाकून उभे होते. शाळेचा हंगाम ऑक्टोबरातच संपला होता. समोर कचऱ्याचे दोन डबे मांडलेले. धाकटी मुलगी हातमोजे घालून ते डबे इकडून तिकडे ढकलत होती, मनाला येईल तसे, मध्येच एकमेकांच्या मागून. दोघं बर्फाळ सिमेंटवर मागे सरकत होते, आखूड आखूड पावलं, गुडघे वाकलेले, हात छातीपुढे. पहिल्यांदा दोघं एकाच डब्याकडे वळले आणि मधून हत्ती जाईल एवढी वाट उघडली. मुलगी त्यातून धावत जाऊन गॅरेजच्या दाराला हात लावून आली. पुन्हा जागेवर. मग परत चुकले. पुन्हा जागेवर. सातव्या-आठव्या वेळी डबे फिरले तेव्हा बंद काचेतून मला दोन आवाज एकदम ऐकू आले, ‘माइन!’ आणि ‘युअर्स!’, आणि दोघांचे खांदे एकमेकांना घासून आपापल्या डब्याकडे वळले. मुलगी मध्ये येऊन थांबली. तिला जायला जागा नव्हती.